नागपुरात पार्सल डिलिव्हरीच्या कामात पाय रोवताना

दारात दुचाकी आणि खिशात लायसन्स असले, की नागपुरात पार्सल पोहोचवण्याचे काम मिळायला वेळ लागत नाही; मात्र त्या कामावर घर चालवायला बरेच काही शिकावे लागते. नव्याने आलेल्या मुलांना वाटते की जो गाडी जोरात हाकतो तोच पुढे जातो. अनेक वर्षे हे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की यात कमाई ठरते ती पत्त्यांच्या ओळखीवर आणि पैशाच्या हिशेबावर.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. शिकाऊ लायसन्स काढल्यानंतर किमान 30 दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते आणि शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिन्यांची असते, म्हणून काम शोधायच्या किमान दोन महिने आधी आरटीओचे काम उरकून घ्यावे. आधार, पॅन आणि बँकेचे खाते तर लागतेच. पोलीस पडताळणीचा दाखलाही बहुतेक ठिकाणी मागतात. गाडीचा विमा असला तरी तो खासगी वापराचा असेल, तर धंद्यात असताना झालेल्या अपघाताचा दावा अडू शकतो, तेव्हा विमा कंपनीला हे स्पष्ट विचारून घ्यावे. याशिवाय बँकेतूनच प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा अर्ज भरावा. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचे अपघाती संरक्षण मिळते आणि आपल्या कामात ते कोणी टाळू नये. असंघटित कामगारांसाठीच्या सरकारी ई-श्रम पोर्टलवर गिग कामगार, म्हणजे पगाराऐवजी कामागणिक पैसे घेणारा कामगार, म्हणून नोंदणीही त्याच आठवड्यात करून टाकावी.

आता खरे काम. या शहराच्या वाढीव वस्त्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतींमध्ये, वाटलेल्या आहेत. बेसा, मनीषनगर किंवा नंदनवनच्या पलीकडे गेले, की एका गृहनिर्माण संस्थेचा लेआउट संपतो, दुसऱ्या संस्थेचा सुरू होतो आणि प्लॉटचे क्रमांक पुन्हा एकपासून मोजले जातात. त्यामुळे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळे 42 क्रमांकाचे प्लॉट निघू शकतात. पाकिटावर नुसते ‘प्लॉट नं. 42, हनुमान मंदिराजवळ’ असे लिहिलेले असेल, तर मोबाईलचा नकाशा बऱ्याचदा भलत्याच मंदिरापाशी नेऊन सोडतो. अशा वेळी निघण्याआधीच फोन करावा आणि घर कुठे आहे असे मोघम न विचारता, “काकू, मंदिराकडे तोंड केलं तर तुमची गल्ली उजवीकडं की डावीकडं?” असे विचारावे. उत्तर मिळाले की लेआउटचे नाव आणि खूण एका वहीत लिहून ठेवावी. माझ्याकडे अशा तीन वह्या भरल्या आहेत, आणि त्यांच्यामुळे माझी बहुतेक पार्सले पहिल्याच फेरीत हातावेगळी होतात. पार्सल परत आले की पेट्रोल जाते, वेळ जातो आणि पार्सलमागे पैसे मिळत असतील तर त्या फेरीचा मोबदलाही जातो.

इतवारी, महाल आणि गांधीबाग यांची गोष्ट निराळी. तिथे गल्ल्या अरुंद आणि दुकाने दाट, म्हणून बाजाराची गर्दी वाढण्याआधी, सकाळीच तो भाग उरकावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा या भागात गाडी घालूच नये. दसऱ्याला दीक्षाभूमीचा परिसर आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या वेळी सिव्हिल लाइन्स, यांसाठी वाहतुकीतले बदल आदल्या रात्रीच पाहून रूट लावावा.

हबवर, म्हणजे कंपनीच्या पार्सल वाटप केंद्रावर, लोड मिळाल्यावर पार्सले स्कॅन करून तशीच बॅगेत कोंबू नयेत. आधी भागाप्रमाणे ढीग करावेत, मग शेवटी द्यायचे पार्सल सर्वांत खाली आणि पहिले सर्वांत वर ठेवावे. लेबल नेहमी वर यायला हवे. यात वीस मिनिटे जातात, पण भर उन्हात प्रत्येक दारापुढे बॅग उलटीपालटी करण्यापेक्षा ती परवडतात.

पैशाबाबत मी एक धडा भोगून शिकलो आहे. एका संध्याकाळी हबवर रोकड भरताना माझ्याकडे 1,500 रुपये कमी निघाले आणि ते माझ्या मोबदल्यातून कापले गेले. चूक माझी होती की मोजणाऱ्याची, हे मला कधीच सिद्ध करता आले नाही. तेव्हापासून मी सीओडीची, म्हणजे पार्सल हातात देताना ग्राहकाकडून घेतलेली, रोकड वेगळ्या पाकिटात ठेवतो, दर दहा पार्सलांनंतर वहीशी जुळवतो आणि जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाही.

हातात पडणारी रक्कम आणि कमाई एक नसते, हेही समजून घ्यावे. दिवसाला 80 किलोमीटर आणि लिटरला 45 किलोमीटरचा अ‍ॅव्हरेज धरला, तर रोज पावणेदोन लिटर पेट्रोल जाते. महिन्यात 26 दिवस काम केल्यास गाडी 2,000 किलोमीटरांच्या पुढे पळते, म्हणजे ऑइल, टायर आणि ब्रेक यांचा खर्च इतरांपेक्षा कितीतरी लवकर येतो. त्यासाठी रोज ठरावीक रक्कम बाजूला काढावी. मोबदला देतानाच टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जात असेल आणि उत्पन्नावर कर बसत नसेल, तर विवरणपत्र भरून तो परत मागावा. पुढे कर्ज काढताना हीच विवरणपत्रे उपयोगी पडतात.

नागपूरचा उन्हाळा हा तर स्वतंत्र विषय आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, आणि नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत दुपारी एक ते चार या वेळात शक्यतो फेरीच ठेवू नये. हेल्मेटच्या आत ओला दुपट्टा, सोबत पाण्याची मोठी बाटली आणि मीठ घातलेले ताक हवेच. डोके दुखून घाम थांबला, तर ती उष्माघाताची खूण असू शकते. गाडी तिथेच सावलीत लावून जवळच्या माणसाला हाक मारावी आणि लगेच दवाखाना गाठावा. राहिलेली पार्सले दुसऱ्या दिवशी जातात.

दोन-तीन वर्षांनी पुढची पायरी म्हणजे चारचाकी, बहुधा छोटा हत्ती, म्हणजे लहान मालवाहू टेम्पो. मालवाहू गाडी चालवायला वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिलेल्या निकालानुसार, 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची अशी गाडी हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. गाडी विकत घ्यायची असल्यास मुद्रा योजनेतून कर्ज मागता येते. त्यातल्या ‘किशोर’ गटाची मर्यादा 5 लाख रुपये आहे. मात्र त्याआधी दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून एक पावसाळा आणि एक दिवाळी काढावी. वाडी किंवा हिंगण्याच्या गोदामांतून मंदीत किती माल निघतो आणि सणात किती, हे स्वतःच्या वहीत उतरले, की हप्ता किती झेपेल याचा आकडा बँकेच्या माणसाला विचारावा लागत नाही.