रग्बी शिकवायची आहे? आधी मुलांना पडायला शिकवा

मी ऐरोलीतल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. बी.पी.एड. झालो तेव्हा मला कबड्डी आणि मैदानी खेळ येत होते. रग्बीचा तो लांबुळका चेंडू पहिल्यांदा हातात घेतला एका प्रशिक्षण शिबिरात. त्यानंतरच्या जूनमध्ये आठवी-नववीच्या बावीस मुलांना घेऊन शाळेचा संघ बांधला. आता नव्याने नोकरीला लागलेले शिक्षक विचारतात, सुरुवात कुठून करू? मी सांगतो, मैदानापासून.

आपल्या शाळांची मैदानं बहुतेक मुरमाची. जुलै-ऑगस्टमध्ये ती भिजून मऊ होतात, कडेने गवत येतं. दिवाळीनंतर तेच मैदान इतकं टणक होतं की एकदा पडलं की कोपर सोलून निघतं. म्हणून टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडणं, शिकवायचं ते पावसातच. अनेकजण पाऊस लागला की सराव बंद करतात आणि नोव्हेंबरमध्ये कोरड्या जमिनीवर टॅकलला हात घालतात. मुलगा एकदा जोरात आपटला की त्याच्या मनात धास्ती बसते, आणि धास्तावलेला मुलगा अर्धवट टॅकल करतो. दुखापत होते ती तिथेच. सरावाआधी सगळ्यांनी रांग करून मैदानभर चालायचं आणि खडे, काचा, खिळे वेचायचे. वीज कडाडली तर सगळे वर्गात.

पहिले दोन आठवडे आमची मुलं उभी राहून कुणाला भिडलीच नाहीत. दोघांनी गुडघ्यांवर समोरासमोर बसायचं. नजर वर, खांदा समोरच्याच्या मांडीला, दोन्ही हातांनी घट्ट मिठी. डोकं त्याच्या पुढ्यात कधीही जाता कामा नये, ते बाजूला, त्याच्या पाठीच्या अंगाला. चुकलं तर थांबवून पुन्हा. मग एकजण उभा, मग चालत, मग हलक्या धावेने. पडणाऱ्यालाही तितकंच शिकवावं लागतं: हनुवटी छातीला, चेंडू पोटाशी आणि हात जमिनीला टेकवायचा नाही. पडताना हात पुढे करणं हा माणसाचा स्वभावच आहे, पण त्यानेच मनगट किंवा गळ्याजवळचं हाड मोडतं. ही सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आमच्याकडे रबाळे, घणसोली, दिवा या गावांतली मुलं येतात. कबड्डी त्यांच्या अंगात आहे. मांडीची पकड, घोट्याची पकड त्यांना शिकवावी लागत नाही, खाली वाकून भिडण्याची भीती नाही. मला वाटलं, निम्मं काम झालं. पहिल्या सराव सामन्यात त्याच सवयीने आम्हाला एकामागून एक पेनल्टी बसल्या. कबड्डीत एकदा धरलं की चढाई संपेपर्यंत सोडायचं नाही, हे लहानपणापासून ठसलेलं. रग्बीत चेंडूवाला जमिनीवर आला की धरणाऱ्याने त्याला लगेच सोडून बाजूला व्हायचं असतं, आणि पडलेल्यानेही चेंडू सोडायचा असतो. आमची मुलं दात-ओठ खाऊन धरून बसायची. मग आम्ही सरावात एक नियम केला. कुणीही जमिनीवर आलं की बाकी सगळ्यांनी एका आवाजात ओरडायचं, ‘सोड!’ बाजूच्या इमारतीतल्या लोकांनी खिडकीतून विचारलं, काय चाललंय. पण महिनाभरात हात आपोआप सुटायला लागले. खांद्याच्या रेषेच्या वर धरायचं नाही आणि नुसता खांदा मारून पाडायचं नाही, हेही याच काळात पक्कं करा.

चेंडू हाताने पुढे द्यायचा नाही, मागेच द्यायचा, हे मुलांच्या पचनी पडत नाही. फळ्यावर बाण काढून काही होत नाही. मी त्यांना ठाणे-वाशी लोकल सांगितली. चेंडू ज्याच्या हातात तो पहिला डबा, बाकीचे डबे तिरक्या ओळीत मागे. डबा पहिल्याच्या पुढे गेला की गाडी रुळावरून उतरली. दुसऱ्या दिवसापासून मुलंच एकमेकांना ‘डब्यात ये’ म्हणायला लागली. ट्राय म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण, त्याचंही असंच. रेषा ओलांडून चेंडू आनंदाने वर उडवला तर गुण नाही, तो जमिनीवर दाबावा लागतो. त्या एका दाबण्याचे ५ गुण, त्यानंतरच्या किकचे २.

सुरुवात सात जणांच्या रग्बीने करा. पंधरा जणांच्या रग्बीला लागणारी मुलं आणि मैदान आपल्याकडे क्वचितच असतं. सात मिनिटांचे दोन डाव ऐकून मुलांना ते किरकोळ वाटतं. कबड्डीची चढाई ३० सेकंदांची, मग श्वास घ्यायला मिळतो. इथे तिसऱ्या मिनिटालाच मुलं कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

गोकुळाष्टमीच्या आधी मोठी मुलं पथकाच्या सरावाला जातात, गणपतीला निम्मी गावाला जातात, मग सहामाही परीक्षा. बावीसपैकी काही दिवस नऊच यायची. चिडू नका. नऊ मुलांतही टॅकल शिकवता येतं. पण आठवडाभर न आलेल्या मुलाला थेट भिडवू नका, त्याला पुन्हा गुडघ्यांवरून सुरू करू द्या.

पालक विचारतील, याचं पुढे काय? खरं तेच सांगा. सात जणांची रग्बी २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आशियाई स्पर्धांतही आहे. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली. दहावीच्या क्रीडा गुणांसाठी कोणत्या पातळीपर्यंत खेळावं लागतं, ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन त्या वर्षीच्या नियमांत स्वतः वाचा आणि मगच बोला. गुणांचं आश्वासन देऊन मुलं गोळा करू नका.

आता डोक्याच्या माराबद्दल. डिसेंबरमध्ये एका सामन्यात आठवीतल्या मुलाचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आदळलं. रक्त नाही, तो उठून उभा राहिला, म्हणाला, सर, ठीक आहे. मी त्याला पाणी दिलं आणि परत आत पाठवलं. दोन मिनिटांनी तो आमच्याच मुलाला विचारत होता, आपण कुठल्या बाजूला खेळतोय. चूक माझी होती. मुलगा ठीक आहे म्हणतो कारण त्याला खेळायचं असतं, ते ठरवणं आपलं काम. डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी तो मुलगा परत मैदानात जात नाही, सामना हरला तरी. उलटी, एकाचे दोन दिसणं, वाढती डोकेदुखी, गुंगी यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. मान दुखते म्हणाला तर त्याला हलवायचंच नाही. आणि घरी फोन आपण करायचा, मुलाच्या हाती निरोप द्यायचा नाही.

त्याच्या आईला मी संध्याकाळी घरी जाऊन भेटलो आणि मी काय केलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, डॉक्टर हो म्हणाले तरच पाठवेन, आणि पहिल्या दिवशी मी येऊन बघणार. आधी पूर्ण विश्रांती, मग चालणं, मग एकट्याने धावणं, मग नुसते पास, असे दिवस गेले. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली तेव्हा जानेवारी अर्धा सरला होता. त्या सकाळी त्या गेटपाशी उभ्या होत्या. आम्ही त्याला गुडघ्यांवरूनच सुरू केलं. शेवटी तो धावत येणाऱ्या मुलाला भिडला. डोकं बाजूला, मिठी घट्ट, दोघे खाली आले. ‘सोड!’ मुलं ओरडली, तोवर त्याने सोडलंही होतं.