एक्सपीचा आवाज गेला तेव्हा

बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी पुन्हा टाकलं आणि आवाजच गेला. स्पीकरची पिन हिरव्या भोकातच होती, तीनदा बघितली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (कॉम्प्युटरच्या भागांची यादी) पिवळं प्रश्नचिन्ह. मदरबोर्डच्या सीडीतला ऑडिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, मध्येच एरर देऊन थांबायचा. दोन रात्री त्यातच गेल्या (सीडीही पुसली, उगाच!).

शेवटी प्रश्नचिन्हावर डबल क्लिक करून डिटेल्समध्ये त्या भागाचा आयडी वाचला: ८०८६ आणि २७डी८. ८०८६ म्हणजे इंटेल कंपनी, २७डी८ म्हणजे तिचा एचडी ऑडिओ हा आवाजाचा भाग. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटवर त्यासाठी आधी मायक्रोसॉफ्टचा केबी८८८१११ हा पॅच (छोटं अपडेट) लागतो, ड्रायव्हर नंतर. मी उलटं करत होतो. पॅच टाकला, रीस्टार्ट केलं, मग ड्रायव्हर. पुन्हा रीस्टार्ट.

सुरुवातीची धून दणक्यात वाजली. स्वयंपाकघरातून आई ओरडली, “अरे, आवाज कमी कर!”