आधी रिकामं फिक्स्चर स्कॅन करा

मणक्याचे स्क्रू आणि रॉड एमआरआयमध्ये कसे दिसतात हे तपासायला स्वतः फिक्स्चर (नमुना द्रावणात एका जागी धरून ठेवणारी चौकट) बनवताय, म्हणजे एएसटीएम एफ २११९ ही इम्प्लांटमुळे इमेजमध्ये पडणारा डाग मोजायची प्रमाणित पद्धत वाचलेली असणार. फिक्स्चर द्रावणात बुडवून इम्प्लांटसह (म्हणजे स्क्रू-रॉडसह) आणि इम्प्लांटशिवाय अशा जोडीनं इमेज घ्यायच्या. सिग्नल ३० टक्के किंवा त्याहून जास्त बदलला तो भाग आर्टिफॅक्ट, म्हणजे इम्प्लांटमुळे पडलेला खोटा डाग. कागदावर सरळ आहे.

आमचं घोडं अडलं ते थ्रीडी प्रिंटपाशी. पीएलए या प्लास्टिकचं फिक्स्चर, इनफिल (आतला भराव) २० टक्के. म्हणजे भिंतीच्या आत जाळी आणि जाळीत हवा. कॉपर सल्फेटच्या द्रावणात बुडवलं की थरांच्या फटींतून द्रावण सावकाश आत झिरपतं. हवेचे आणि पाण्याचे चुंबकीय गुण वेगळे, म्हणून हवेच्या कडेलाही काळा डाग येतो, ग्रेडिएंट एको या प्रकारच्या स्कॅनमध्ये तर हमखास. टायटॅनियमच्या स्क्रूचा डाग त्याहून बराच मोठा असतो, पण त्याला हवेचा डाग चिकटला की माप फुगतं. त्यातून जोडीतल्या एका इमेजच्या वेळी आत हवा, दुसरीच्या वेळी द्रावण! मग वजाबाकीत उरतं ते निव्वळ स्क्रूचं नसतंच. रॉडच्या टोकाशी दिसणारा आमचा डाग दर स्कॅनला लहान होत गेला, तेव्हा उलगडा झाला. धातूचा डाग असा आटत नाही.

त्यामुळे फिक्स्चर कोरडं असताना वजन करा, रात्रभर बुडवून, वरून पुसून पुन्हा करा. वजन वाढलं तर ते पाणी पितंय. माझं मत विचाराल तर प्रिंटचा नादच सोडा; भरीव अ‍ॅक्रिलिक कापून घ्या, नायलॉनचे स्क्रू लावा. नेटवरची तयार एसटीएल फाइल (थ्रीडी प्रिंटचा आराखडा) तर नकोच, ती कुणी कशासाठी काढली होती देव जाणे. स्क्रूच्या आट्यांत बुडबुडे अडकतात, ते द्रावणातच मऊ ब्रशनं काढा.

साधा स्टीलचा एक नट चुकून एमआरआयच्या खोलीत गेला तरी जीवावर बेतू शकतं. प्रत्येक तुकडा बाहेरच चुंबकानं तपासा आणि टेक्निशियनला दाखवा. खरं सांगायचं तर प्रोजेक्टच्या गाइडपेक्षा टेक्निशियनच जास्त शिकवतात. पेशंट संपल्यावर रात्री स्लॉट मिळतो, तेव्हा शेजारी बसून विचारा, मनापासून सांगतात.

पहिल्या इमेज वेड्यावाकड्या आल्या तर खचू नका, सगळ्यांच्याच येतात. वेळ कमी पडला तर इम्प्लांट ज्या वेगवेगळ्या दिशांनी ठेवून स्कॅन करायचं त्यातली एखादी दिशा पुढच्या स्लॉटवर ढकला, पण रिकाम्या फिक्स्चरचा स्कॅन सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा घ्याच.