सिंफनीची वाद्ययादी काढताना या चुका टाळा

सांगली-मिरजेत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि निवेदक डोळ्यांसमोर येतात. सिंफनीचं, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या पाश्चात्त्य रचनेचं, गणित वेगळं. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाले वरातीच्या बँडमधून मिळू शकतील. ओबो आणि बसून (दोन्ही फुंकून वाजवायची लाकडी वाद्यं) यांच्यासाठी बहुधा पुण्या-मुंबईकडेच बघावं लागतं. यादीत राहून गेलेलं वाद्य तालमीच्या सकाळी मिरज जंक्शनवर उतरत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे स्कोअरचं (सगळ्या वाद्यांची स्वरलिपी एकत्र असलेल्या वहीचं) पहिलं पान बघून यादी करणं. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत पिकोलो (छोटा फ्लूट), कॉन्ट्राबसून (खालच्या सुराचा मोठा बसून) आणि तीन ट्रॉम्बोन (पितळी वाद्य) थेट चौथ्या भागात येतात. म्हणजे पाच माणसं हुकली! शिवाय तिसऱ्यातून चौथ्यात न थांबता जायचं असतं, त्यामुळे ही मंडळी आधीपासून मंचावर बसलेली हवीत. भावे नाट्यमंदिरात खुर्च्या मांडताना त्या पाच जागा धरूनच चला. आयएमएसएलपी या स्वरलिप्यांच्या ऑनलाइन ग्रंथालयात कृतीच्या पानावर वाद्ययादी असते. ती घ्या, पण स्कोअरची पानंही शेवटपर्यंत उलटा.

२.२.२.२ – ४.२.३.१ असे आकडे दिसले की क्रम असा: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून; मग हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा. हे ड्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’चे (१८९३) आकडे, एकूण १८ वादक. पिकोलो आणि कोर आंग्ले (ओबोचाच खालच्या सुराचा भाऊ) या आकड्यांत वेगळे दिसत नाहीत, कारण ते फ्लूट आणि ओबोवाल्यांनीच वाद्य बदलून वाजवायचे. तेव्हा ओबोवाल्याला फोनवरच विचारा: कोर आंग्ले आहे का? दुसऱ्या भागातली ती प्रसिद्ध धून त्याचीच. ट्युबाही त्याच भागात, मोजक्या स्वरांपुरता. तरी माणूस लागतोच. ट्रँगल तिसऱ्या भागात आणि झांज चौथ्यात, तीही एकदाच. त्यामुळे टिंपनीवाल्याशिवाय (टिंपनी म्हणजे नगाऱ्यासारखे मोठे ढोल) एक तालवादक पुरतो.

नावंही फसवतात. जुन्या स्कोअरमधलं ‘क्लारिनी’ म्हणजे क्लॅरिनेट नव्हे, ट्रम्पेट. फ्रेंच ‘टँबाल’ म्हणजे टिंपनी. जर्मन स्कोअरमध्ये ‘बे’ क्लॅरिनेट म्हणजे आपलं नेहमीचं बी-फ्लॅट.

आवृत्ती तपासा. मोझार्टच्या ४० व्या सिंफनीच्या (१७८८) दोन आवृत्त्या आहेत, पहिली क्लॅरिनेटविना आणि दुसरी क्लॅरिनेटसह. क्लॅरिनेटवाले मिळाले नाहीत म्हणून दुसऱ्या आवृत्तीतून त्यांची पानं काढून टाकू नका. तिच्यात ओबोची पानंही बदललेली आहेत. पहिलीच आवृत्ती मागवा. स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘फायरबर्ड’चंही तसंच: १९१० चं पूर्ण बॅले प्रचंड ताफ्याचं, १९१९ चा सूट (त्यातल्या निवडक भागांचा संच) बराच आटोपशीर.

तारवाद्यांचा आकडा बहुधा संगीतकार देत नाही, तो आपणच ठरवायचा. ८-६-४-४-२ म्हणजे पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हियोला, चेलो, डबल बास: २४ वादक. एका स्टँडवर दोघं बसतात, म्हणून झेरॉक्स १२ पुरतात; एक संच जास्तीचा काढा, बोइंगच्या (गज कुठल्या दिशेने ओढायचा त्याच्या) खुणा करताना एखादं पान फाटतंच.