पाटीवरचा ‘कॅप्टन’ आणि चार तारखा: शिडांच्या काळातल्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या नोकरीचा माग कसा काढायचा

हॉर्निमन सर्कलच्या सेंट थॉमस कथीड्रलमध्ये संगमरवरी पाट्यांवर बरेच कॅप्टन भेटतात. पाटीवरून त्या माणसाच्या नोकरीचा क्रम लावायचा तर चढत्या क्रमाने चार बढत्यांच्या तारखा हव्यात: लेफ्टनंट, कमांडर, पोस्ट कॅप्टन, रिअर ॲडमिरल. त्यातली तिसरी आधी शोधा.

पाटीचा फोटो समोरून काढू नका. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरला की झिजलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात. जहाजाचं नाव आणि त्याच्या आधीची अक्षरं नीट टिपा. ‘एच.एम.एस.’ असेल तर माणूस राजाच्या नौदलातला. ‘एच.सी.एस.’ असेल तर ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज, म्हणजे बहुधा बॉम्बे मरीन, कंपनीचं स्वतःचं नौदल. १८३० पासून तिचंच नाव इंडियन नेव्ही, आणि १८६३ मध्ये तीही मोडली. इथे चुकलात तर पुढचे सगळे कागद चुकीच्या दप्तरात शोधाल. सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथेच.

आता तिसरी तारीख. कमांडरलाही लोक ‘कॅप्टन’च म्हणत, त्यामुळे पत्रांतल्या हाकेवर जाऊ नका. साधारण २० किंवा अधिक तोफांच्या जहाजावर नेमणूक झाली की खरा पोस्ट कॅप्टन. तिथपर्यंत पराक्रम आणि वशिला दोन्ही चालत. पुढे फक्त ज्येष्ठता. पोस्ट कॅप्टनांच्या ज्येष्ठता यादीतली वरची नावं मरायची तेव्हा खालचा सरकायचा.

याच चर्चमध्ये दोन्ही नमुन्यांच्या पाट्या आहेत: कॅप्टन हार्डिंज आणि ॲडमिरल मेटलंड. हार्डिंजने १८०४ मध्ये ‘स्कॉर्पियन’ या स्लूपवरून, म्हणजे छोट्या युद्धनौकेवरून, डच ‘अटालांटे’ जिंकली आणि लगेच पोस्ट कॅप्टन झाला. १८०८ मध्ये सिलोनजवळच्या समुद्रात फ्रेंच ‘पिएमाँतेझ’शी लढताना पडला. मेटलंड १८०१ मध्ये पोस्ट कॅप्टन, पण रिअर ॲडमिरल थेट जुलै १८३० मध्ये. मधल्या काळात, १८१५ मध्ये, नेपोलियन त्याच्याच ‘बेलेरोफॉन’वर शरण आला होता, तरी रांग काही पुढे सरकली नाही! १८३९ मध्ये मुंबईजवळ ‘वेलस्ली’वर तो वारला. हे जहाजही मुंबईच्याच गोदीत वाडियांनी बांधलेलं.

लेफ्टनंटच्या परीक्षेची तारीख तिच्या दाखल्यावरून मिळते. अट होती ६ वर्षं समुद्रावर, त्यातली २ मिडशिपमन किंवा मास्टर्स मेट या खालच्या हुद्द्यांवर. हे दाखले लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एडीएम १०७ या मालिकेत आहेत. त्यातल्या वयावर मात्र विश्वास ठेवू नका. १७७७ मध्ये पुढे गाजलेल्या ॲडमिरल नेल्सनच्या दाखल्यात वय विशीच्या वर लिहिलंय. प्रत्यक्षात तो १८ वर्षांचा होता. सेवेची वर्षंही फुगवत, पोरगं घरी आणि नाव जहाजाच्या हजेरीपटावर. वयासाठी बाप्तिस्म्याची नोंदच बघा.

कंपनीच्या अधिकाऱ्याचा शोध इंग्लंडमध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात घ्यावा लागतो. मुंबईत चर्चपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे नुसतं नाव सांगून भागत नाही. जहाज आणि वर्ष लिहून न्या.

तारखा जुळवताना एक खोड लक्षात ठेवा. ब्रिटिश नौदलाच्या लॉगबुकात, म्हणजे जहाजाच्या रोजच्या नोंदवहीत, १८०५ पर्यंत दिवस दुपारी १२ ला सुरू व्हायचा, तोही जमिनीवरच्या दिवसाच्या १२ तास आधी. म्हणून ५ मार्चच्या दुपारी ३ ला झालेली चकमक लॉगमध्ये ६ मार्चखाली सापडते. पत्रात ५, लॉगमध्ये ६ दिसलं म्हणून लगेच कुणाला खोटं ठरवू नका. आधी वेळ दुपारनंतरची आहे का पाहा. १७५२ च्या आधीचे इंग्रजी कागद असतील तर जानेवारी ते २४ मार्चच्या तारखांना वर्षही एकाने मागे असतं.

मधली चारपाच वर्षं कोरी सापडली तर हकालपट्टी समजू नका. लढाई संपली की जहाजं उभी राहत आणि अधिकारी अर्ध्या पगारावर घरी बसत. यादीत नाव असेल तर त्याची ज्येष्ठता चालूच असते.