गुडघा बदलून घरी आल्यावर: या चुका टाळा

आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन ती चौथ्या दिवशी घरी आली, तेव्हा आम्ही सर्वांत आधी सोलापुरी चादरीची घट्ट वळकटी करून तिच्या गुडघ्याखाली सरकवली. तिला बरे वाटले, ती शांत झोपली आणि आम्ही खूश झालो. दोन दिवसांनी आलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी वळकटी काढून पाय सपाट ठेवायला सांगितला, तर गुडघा आणि गादी यांच्यामधून माझा पंजा सहज आरपार जात होता. बाईंनी तीच वळकटी टाचेखाली ठेवली आणि आईच्या तोंडून "आई गं" निघाले.

घरी होणाऱ्या चुकांतली ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती मायेपोटी होते. सुजलेला गुडघा किंचित वाकवून ठेवला की कमी दुखतो, म्हणून रुग्ण तो तसाच ठेवतो. पण मागचे स्नायू आणि सांध्याचे आवरण त्या स्थितीत आखडले, तर गुडघा पुढे पूर्ण सरळ होत नाही, चाल लंगडी राहते आणि मांडीचा स्नायू लवकर थकतो. टाचेखाली वळकटी घेऊन 5 ते 10 मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, गुडघा स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्यावा, आणि मधूनमधून मांडीचा स्नायू आवळून 5 सेकंद धरावा. वाकण्याची चिंता सगळे करतात, सरळ होण्याची फारसे कोणी करत नाही. वाकणे साधारण दोन आठवड्यांत 90 अंशांच्या आसपास यावे, अशी अपेक्षा असते. पुढे काही आठवड्यांत बहुतेकांना 110 ते 120 अंश जमते.

"गोळ्यांची सवय लागेल" म्हणून वेदनाशामक गोळी टाळणे ही दुसरी चूक. गोळी नसली की व्यायाम होत नाही आणि व्यायाम झाला नाही की गुडघा आखडतो. त्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास होते. भेटायला आलेले कोणीतरी "आमच्या जाऊबाई तर पंधरा दिवसांत जिने चढायला लागल्या" असे सांगून जाते आणि रुग्ण ईर्षेने दुप्पट फेऱ्या मारतो. व्यायामानंतर आलेली सूज दुसऱ्या दिवशी सकाळीही ओसरली नसेल, तर त्या दिवशी फेऱ्या कमी कराव्यात.

सुजेवर बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून 15 ते 20 मिनिटे लावावा. गरम शेक, जखमेवर हळद किंवा तेल, आणि विशेषतः मालिश पूर्णपणे टाळावे, कारण पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल, तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात घामाने पट्टी ओली होते. ती बदलून घ्यावी, तशीच ठेवू नये.

घराचे म्हणाल, तर जुन्या वाड्यांतले उंबरे, घडी पडलेली सतरंजी आणि ओली मोरी हे वॉकरचे खरे शत्रू आहेत. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाण्याच्या दिवशी घरातली बाई वॉकर बाजूला ठेवून बादलीला हात घालते. ते काम आधीच दुसऱ्याला नेमून द्यावे. देवपूजा, भाकरी थापणे, विड्या वळणे ही जमिनीवर बसून होणारी कामे आता ओट्यावर किंवा खुर्चीत आणावीत, आणि भारतीय पद्धतीच्या शौचालयात कमोडची खुर्ची ठेवावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, आणि हात कठड्यावर.

काही गोष्टींना घाबरण्याचे कारण नाही: गुडघा काही महिने कोमट लागतो, आतून टकटक आवाज येतो, व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहते. मात्र पोटरी दुखून सुजली, तर त्याच दिवशी दाखवावे, आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करण्याची गोळी मनाने बंद करू नये. जखमेतून पाणी येणे, लाली पसरणे, ताप, कमी झालेले दुखणे पुन्हा वाढणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात, आणि मधुमेह असलेल्यांनी साखरेकडे याच काळात अधिक लक्ष द्यावे. अशा वेळी मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणून देऊ नये, शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनाच दाखवावे. कारण त्या गोळ्यांनी वरवर आराम पडतो आणि नंतर गुडघ्यातले पाणी तपासायला पाठवले, तरी त्यात अनेकदा जंतू सापडत नाही.