भेदभावाची नुकसानभरपाई मागताना या चुका टाळा

भेदभावाच्या सर्व प्रकारांना लागू होणारा एकच कायदा आपल्याकडे नाही. जातीवरून झालेला अत्याचार, कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ, दिव्यांगत्वामुळे नाकारलेली सेवा, या प्रत्येकाचा कायदा वेगळा आणि दाद मागण्याची जागाही वेगळी. त्यामुळे पहिली चूक अर्ज लिहिण्याआधीच होते. ‘मानवी हक्क आयोगाकडे तक्रार टाकली आहे’ असे सांगून निर्धास्त राहणारे पुष्कळ भेटतात. परंतु आयोग लोकसेवकांच्या कृतीची किंवा हयगयीची चौकशी करतो, घटनेला वर्ष उलटले असेल तर तीही करू शकत नाही आणि भरपाईची केवळ शिफारस करतो. खाजगी कंपनीतल्या साहेबाविरुद्ध तेथे खेटे घालताना दुसरीकडची मुदत हातची जाते.

लैंगिक छळाच्या तक्रारीत तर ही मुदत फारच थोडी आहे. २०१३ च्या कायद्यानुसार शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असल्यास समिती आणखी ३ महिने देऊ शकते. आस्थापनेत १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समितीकडे जावे; त्याहून कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. मुंबईत जिल्हे दोन आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे : अंधेरीच्या दुकानात काम करणाऱ्या महिलेचे जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे, फोर्टला नव्हे.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र रकमेबाबतची. ‘मला अतिशय मानसिक त्रास झाला, तरी योग्य ती भरपाई मिळावी’ या ओळीवर अर्ज संपतो आणि समितीपुढे हिशेबासाठी काहीच उरत नाही. वास्तविक मानसिक त्रास, नोकरीतली हुकलेली संधी, उपचारांचा खर्च आणि प्रतिवादीची आर्थिक स्थिती पाहून रक्कम ठरवावी, असे २०१३ चा कायदाच सांगतो. म्हणून बिनपगारी रजा दाखवणारी सॅलरी स्लिप, समुपदेशकाच्या पावत्या, बढती डावलल्याचा ईमेल हे सारे अर्जाला जोडावे, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. पावत्यांच्या बेरजेवरच थांबण्याचेही कारण नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना २०१२ मध्ये विमानातून उतरवण्यात आले, त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विमान कंपनीला १० लाख रुपये द्यायला लावले. तिकिटाच्या किमतीशी त्या आकड्याचा काही संबंध नव्हता.

‘थोडे पैसे घ्या आणि मिटवून टाका’ हा सल्ला घरचेही देतात. २०१३ च्या कायद्यात समेटाची सोय आहे, पण पैशांच्या देवघेवीवर समेट करता येत नाही आणि समेट झाल्यावर चौकशी पुढे चालत नाही. राजीनामा देताना ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ या मजकुराखाली न वाचता केलेली सही पुढे आपल्याच विरोधात दाखवली जाते.

अॅट्रॉसिटीच्या, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या, प्रकरणांत गैरसमज वेगळा असतो : शिक्षा झाल्यावरच पैसे मिळतात, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक सरकारी अर्थसहाय्य टप्प्याटप्प्याने मिळते. गुन्हा नोंदवल्यावर, दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि शेवटी खालच्या न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवल्यावर, असे हे टप्पे बहुतेक गुन्ह्यांत असतात. २०१६ च्या सुधारित नियमांत ही रक्कम गुन्ह्यानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे. परंतु पोलीस ठाण्यात केवळ ‘एनसी’ची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) पावती घेऊन परतल्यास पहिला हप्ताही निघत नाही. एफआयआर नोंदवून घ्यावा, त्यात अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे आहेत का हे तेथेच वाचावे, आणि ठाणे अंमलदार ऐकत नसेल तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी अर्ज द्यावा. जातीचा दाखला आणि बँक पासबुकाची प्रत तयार ठेवावी. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर पुढच्या हप्त्याची विचारणा समाजकल्याण कार्यालयात आपणच लेखी करावी.